पहाऱ्याचे शिक्षण : तेरपासून डफरिनपर्यंत

धाराशिव जिल्ह्याच्या हद्दीस कोठेही समुद्र लागत नाही. बालाघाटच्या डोंगररांगांवर आणि तेरणा, मांजरा, सीना या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेल्या या मुलखातून पश्चिम किनारा गाठावयाचा, तर सारे पठार ओलांडून सह्याद्रीचे घाट उतरावे लागतात. आणि बहमनी, आदिलशाही, निजामशाही, मोगलाई व आसफजाही अशा एकामागून एक आलेल्या राजवटींत या भागाचे नाव गाजले, ते परांडा व नळदुर्ग यांसारख्या किल्ल्यांमुळे. असे असूनही जगाच्या नाविक इतिहासातील एका फार जुन्या ग्रंथात या जिल्ह्यातील एका गावाचा उल्लेख यावा, आणि त्याच ग्रंथात खलाशांच्या तैनातीची व त्यांच्या जागत्या चाकरीची हकीकत यावी, हा योग मला अभ्यासास योग्य वाटतो.

ते गाव म्हणजे तेरणेच्या काठचे तेर. मराठी माणूस ते संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून ओळखतो. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मिसर देशातून व्यापारासाठी हिंडणाऱ्या एका अनाम ग्रीक भाषिकाने 'पेरिप्लस' नावाचे जे प्रवासवर्णन लिहून ठेवले, त्यात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेले 'तगर' नावाचे मोठे नगर नमूद आहे, आणि हे तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली साधार मांडले. साधे कापड, नाना प्रकारची मलमल आणि इतर माल तेथून गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या प्रदेशातून, भडोच बंदरास नेला जात असे. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या वस्तुसंग्रहालयात जी प्राचीन सामग्री ठेवलेली आहे, तीमधील रोमन संपर्काच्या खुणा आणि हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहिली, म्हणजे हा व्यवहार एकतर्फी नव्हता याची खात्री पटते.

परंतु तेरचा विणकर आणि रोमचा गिऱ्हाईक यांच्यामध्ये जो तिसरा मनुष्य उभा होता, त्याच्याकडे आपल्या इतिहासलेखकांचे लक्ष क्वचितच जाते. भडोचची खाडी त्या काळी परक्या जहाजांस मोठी घातक होती. किनारा सखल असल्यामुळे जमीन लवकर नजरेस येत नसे, नर्मदेच्या मुखाशी वाळूचे उथळ बांध असत, आणि भरतीचा लोंढा असा गर्जत येई की नांगरलेले जहाजही उलथून पडावे. म्हणून राजाच्या नोकरीतील कोळी मोठमोठ्या होड्यांत पुरेशी माणसे घालून खाडीच्या अगदी तोंडाशी तैनात असत. ते सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे जाऊन येणाऱ्या जहाजास गाठीत, आपल्या वल्हेकऱ्यांच्या बळावर त्यास उथळ बांधांमधून सरळ मार्गाने आत आणीत, भरती सुरू होताच ओढत पुढे नेत आणि ओहोटीच्या वेळी ठरलेल्या खोल जागी नांगरून ठेवीत. या वर्णनात सागरी शिस्तीची बहुतेक अंगे येऊन गेली आहेत: नेमून दिलेली जागा, नेमून दिलेली वेळ, पाण्याचे ज्ञान, आणि दुसऱ्याच्या जहाजाची जोखीम स्वतःच्या डोळ्यांवर घेण्याची सवय. तेरच्या मलमलीचे मोल शेवटी या अनाम कोळ्यांच्या जागरणावर अवलंबून होते.

ही विद्या पुढे कित्येक शतके बापाकडून मुलाकडे जात राहिली. किनाऱ्यावरील कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी या जातीजमातींतील मूल चालू लागण्याच्या वयात होडीत बसे, आणि वारा, प्रवाह, तारे व खडक यांची ओळख त्यास अक्षरओळखीच्या कितीतरी आधी होई. शिवछत्रपतींनी उभारलेले आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी नावारूपास आणलेले आरमार याच मनुष्यबळावर उभे होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमाराचे जे स्वतंत्र प्रकरण आहे, त्यात प्रत्येक सुभ्याकडे पाच गुराबा व पंधरा गलबते असावीत, जहाजबांधणीसाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडे तिच्या संमतीवाचून तोडू नयेत, पावसाळ्याच्या छावणीसाठी आरमार एकाच बंदरात दरसाल नेऊ नये, अशी बारकाईची कलमे आहेत. कारभाराची एवढी जाणीव ज्या राज्यकर्त्यांना होती, त्यांच्याकडेही नव्या खलाशास शिकविण्याची वेगळी शाळा नव्हती, कारण तिची गरजच कोणास भासली नाही. किनाऱ्यावर जन्म हाच त्या विद्येचा दाखला होता. परिणामी, पठारावर जन्मलेल्या मनुष्यास समुद्र कायमचा बंद राहिला.

आगबोटींचा काळ आला तेव्हा ही वंशपरंपरा नव्या साच्यात ओतली गेली. १९१४ च्या सुमारास ब्रिटिश जहाजांवर पन्नास हजारांहून अधिक हिंदी खलाशी चाकरी करीत होते आणि त्यांची भरती सारंगामार्फत, म्हणजे त्यांच्या मुकादमामार्फत, होई. सारंग आपल्याच गावचे व नात्यागोत्यातले लोक निवडी; रत्नागिरी जिल्ह्यातील खेड्याखेड्यांतून अशा टोळ्या मुंबईस येत आणि सारंग, टंडेल, कसाब, सुखाणी, खलाशी, भंडारी (स्वयंपाकी) अशी जहाजावरील उतरंड गावच्या उतरंडीचेच रूप घेई. गोऱ्या अधिकाऱ्यांना या लोकांशी बोलता यावे म्हणून १८११ मध्येच टॉमस रोबक याने इंग्रजी-हिंदुस्तानी नाविक शब्दकोश कलकत्त्यास छापला होता. नवशिक्या पोराचे शिक्षण म्हणजे सारंगाची बोलणी खात दोर वळणे, डेक घासणे आणि जाणत्या माणसाच्या शेजारी उभे राहून अंधारात पाहावयास शिकणे. या पद्धतीत खरे कौशल्य होते, हे मी आदराने नमूद करतो. पण तीत नोकरीसाठी द्यावी लागणारी दस्तुरी होती, कर्जाचा फास होता, आणि मुख्य म्हणजे कितीही वर्षे चाकरी केली तरी खलाशाचा अधिकारी होण्याची वाट नव्हती. भरतीतील या गैरप्रकारांची चौकशी करण्यासाठी सरकारने १९२२ मध्ये समिती नेमली, ती उगीच नव्हे.

ब्रिजवर उभे राहून जहाजाचा मार्ग ठरविणारा हिंदी अधिकारी असावा, ही मागणी राजकीय होती आणि तिच्या मागील एक प्रबळ प्रेरणा आपल्या शेजारच्या सोलापुरातून निघाली. सोलापुरास १८८२ मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद, आणि ज्यांच्या घराण्याने सोलापुरात पहिली कापडगिरणी काढली ते नरोत्तम मोरारजी, या दोघांनी इतर सहकाऱ्यांसह सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापिली आणि ग्वाल्हेर दरबाराकडून 'लॉयल्टी' नावाचे जहाज विकत घेतले. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनकडे निघाले. ज्या शहरापासून नजीकचा समुद्र शेकडो किलोमीटर दूर, त्या शहरातील मनुष्याने हिंदी जहाजधंद्याची मुहूर्तमेढ रोवावी, याचे मला पठारावरील रहिवासी म्हणून आजही अप्रूप वाटते. मात्र जहाज हिंदी झाले तरी त्यावरील अधिकारी परकेच राहिले, कारण प्रमाणपत्रधारी हिंदी अधिकारी तयार करण्याची सोयच देशात नव्हती.

सर पी. एस. शिवस्वामी अय्यर यांनी १९२२ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात याविषयी ठराव आणला. त्यातून कॅप्टन हेडलम यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. समितीने १९२४ मध्ये दोन मुख्य शिफारसी केल्या, एक प्रशिक्षणनौकेची आणि दुसरी किनारी वाहतुकीत हिंदी मालकीच्या जहाजांस राखीव स्थान देण्याची. दुसरी शिफारस सरकारने बाजूस सारली. साराभाई हाजी यांनी १९२८ मध्ये त्यासाठी विधेयक आणले, तेही तडीस गेले नाही. पहिली शिफारस मात्र अमलात आली. व्हिकर्स कंपनीने १९०४ मध्ये बांधलेले, रॉयल इंडियन मरीनच्या सेवेत सैन्य वाहून नेणारे 'डफरिन' हे जहाज माझगावजवळ नांगरून १९२७ मध्ये त्यावर शाळा सुरू झाली. कॅप्टन डिग्बी-बेस्ट हे तिचे पहिले कॅप्टन सुपरिंटेंडंट होते. पहिल्याच तुकडीत राम दास कटारी हे विद्यार्थी होते, जे १९५८ मध्ये भारतीय नौदलाचे पहिले हिंदी प्रमुख झाले. प्रवेश स्पर्धापरीक्षेने होई. जात, गाव वा वडिलांचा धंदा यांवर तो अवलंबून नव्हता. माझ्या मते 'डफरिन'चे ऐतिहासिक महत्त्व येथे आहे: समुद्राचे ज्ञान जन्माने मिळते, ही शेकडो वर्षांची समजूत त्या नांगरलेल्या जहाजाने मोडून काढली.

या काळी आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता; मीर उस्मान अली खानांच्या नावावरून त्यास उस्मानाबाद म्हणत, आणि त्या राज्यास समुद्रकिनारा नव्हता. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी लातूरपर्यंत पोचली होती, तेव्हा कुर्डुवाडीस बदलून मुंबईस जाणे अशक्य राहिले नव्हते. तरीही परराज्यातील, इंग्रजी शिक्षणाची सोय तुटपुंजी असलेल्या मुलखातील मुलास माझगावची ती परीक्षा किती दूरची होती, याची कल्पना करता येईल.

जहाजावरील जीवनाची दीक्षा कशी दिली जाई, हे पाहिले म्हणजे तीतील प्रत्येक बारीक नियमाचा अर्थ उलगडतो. त्या काळच्या प्रशिक्षणनौकांवर मुले झोळीत निजत. पहाटे उठताच झोळी घट्ट गुंडाळून, दोराचे सारखे वेढे देऊन, ठरल्या जागी ठेवावी लागे. कारण जहाजावर मोकळी सुटलेली वस्तू हेलकाव्यात कोणाचा तरी पाय मोडते. मग अनवाणी डेक धुणे, हजेरी, पितळ घासणे, होडी वल्हविणे, गाठी मारणे, झेंड्यांच्या व दिव्यांच्या खुणा वाचणे, आणि मधल्या वेळेत गणित, त्रिकोणमिती व ताऱ्यांवरून स्थान काढण्याचे शास्त्र. आईबापांच्या लाडात वाढलेल्या पोरास प्रथम हा छळ वाटे. परंतु अंधारात, वादळात, झोपेतून खडबडून उठल्यावर, हाताने आपोआप योग्य दोर धरावा आणि गाठ चुकू नये, ही क्षमता दुसऱ्या कोणत्या मार्गाने अंगी बाणते, हे मला ठाऊक नाही.

या साऱ्या शिक्षणाचा कळस म्हणजे पहारा, ज्यास सारे खलाशी 'वॉच' म्हणतात. दिवसरात्रीचे चार-चार तासांचे भाग पाडलेले असतात आणि दर अर्ध्या तासास घंटेचा एकेक ठोका वाढत जाऊन चार तासांस आठ ठोके होतात. संध्याकाळी चार ते आठ हा भाग जुन्या रिवाजाप्रमाणे दोन-दोन तासांत विभागीत, म्हणजे पाळ्यांची संख्या विषम होऊन तीच माणसे रोज मध्यरात्रीच्या पाळीत अडकत नसत. व्यापारी जहाजांवर तिघा अधिकाऱ्यांची वाटणी साधारणतः ठरलेली असते: आठ ते बारा तिसरा अधिकारी, बारा ते चार दुसरा, आणि चार ते आठ मुख्य अधिकारी. पाळी दिवसातून दोनदा येते, सफर संपेपर्यंत.

नवा खलाशी प्रथम टेहळणीस लावला जातो. ठोके पडण्याच्या बऱ्याच आधी त्यास उठवितात, कारण उजेडातून आलेल्या डोळ्यांस अंधारात नीट दिसू लागण्यास अवधी लागतो, आणि तो अवधी पाळीच्या वेळेतून घ्यावयाचा नसतो. नाळेपाशी एकटे उभे राहून तो क्षितिज बोटाबोटाने चाळतो. दिवा उजवीकडे दिसला तर घंटेचा एक ठोका, डावीकडे दिसला तर दोन, आणि सरळ समोर असेल तर तीन, असा जुना संकेत आहे. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री 'टायटॅनिक'च्या टेहळ्याने तीन ठोके दिले होते. यंत्रावर चालत असलेल्या कोणत्याही जहाजाच्या उजव्या बाजूस हिरवा, डाव्या बाजूस तांबडा आणि डोलकाठीवर पांढरा दिवा असतो. तेव्हा आपल्या उजव्या हातास दुसऱ्याचा तांबडा दिवा दिसला, तर ते जहाज आपली वाट ओलांडीत आहे आणि बाजूस होण्याचे काम आपले आहे, हे शिकाऊ मुलास झोपेतही सांगता आले पाहिजे. अधिकारी होकायंत्रावर त्या दिव्याची दिशा पुनःपुन्हा घेतो. दिशा बदलत गेली तर जहाज बाजूने निघून जाईल. दिशा तीच राहून अंतर कमी होत असेल तर टक्कर होणार. चाळीस मिनिटे आधी हे ओळखणे आणि चार मिनिटे आधी ओळखणे यांत माणसांच्या जिवाचे अंतर असते.

टेहळणीनंतर सुकाणू. अधिकाऱ्याचा हुकूम सुकाणूवरील माणसाने मोठ्याने उच्चारावयाचा, मग सुकाणू फिरवावयाचे, आणि फिरल्यावर पुन्हा तसे कळवावयाचे. नव्या मुलांना ही पोपटपंची वाटते. पण ऐकण्यात झालेली चूक जहाज वळण्यापूर्वी पकडण्याचा तोच एक उपाय आहे. पाळी बदलताना पुढचा माणूस मार्ग, वेग, आसपासची जहाजे व कॅप्टनचे लेखी हुकूम समजावून घेतो. एखाद्या जहाजास चुकविण्याची हालचाल चालू असेल तर ती पुरी झाल्याखेरीज पहारा सोपवीत नाहीत, आणि पुढचा माणूस आजारी, नशेत वा भांबावलेला वाटला तर पहारा त्याच्या हाती न देता कॅप्टनास कळवितात. वरिष्ठासही असे नाकारण्याचा अधिकार कनिष्ठास देणारी ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

धाराशिवच्या शेतकऱ्याच्या पोरास यातील एक भाग उपजत ठाऊक असतो. जोंधळा हुरड्यास आला म्हणजे शेतातल्या माळ्यावर बसून, घोंगडी लपेटून, रानडुकरांच्या चाहुलीस कान देत ज्याने रात्र काढली आहे, त्यास एकटे जागणे नवे नाही. नवे असते ते पायांखालची जमीन हलणे, आणि ज्यांच्यासाठी जागावयाचे ते वीस-पंचवीस जण आपले भाऊबंद नसून केरळ, पंजाब, फिलिपिन्स, युक्रेन अशा ठिकाणांहून आलेले असणे.

स्वातंत्र्यानंतर हे शिक्षण खलाशांपर्यंतही पोचले. १९४९ मध्ये नौवहन महासंचालनालय स्थापन झाले. कलकत्त्यास 'भद्रा', विशाखापट्टणमला 'मेखला' आणि सौराष्ट्रात नवलखीला 'नौलक्षी' अशी खलाशांच्या प्रशिक्षणाची केंद्रे निघाली, आणि सारंगाच्या मर्जीऐवजी सरकारी नोंदणीने नेमणुका होऊ लागल्या. 'डफरिन'ची जागा १९७२ मध्ये 'राजेंद्र'ने घेतली, आणि १९९३ मध्ये ही परंपरा 'चाणक्य' या नावाने नवी मुंबईत जमिनीवर स्थिरावली.

दरम्यान जगानेही एक धडा घेतला होता. १८ मार्च १९६७ रोजी 'टॉरी कॅनियन' हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्येस खडकावर आदळले आणि एक लाखाहून अधिक टन तेलाने किनारे काळे झाले. जवळची वाट धरण्याचा निर्णय आणि सुकाणूच्या नियंत्रणाबाबत झालेला घोटाळा, अशी त्याची कारणे सांगितली जातात. दोन्ही गोष्टी पहाऱ्याच्याच. तोवर खलाशास काय यावे हे जो तो देश आपापल्या परीने ठरवी. १९७८ मध्ये प्रशिक्षण, प्रमाणपत्रे व पहारा यांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला, तो १९८४ मध्ये अमलात आला, आणि १९९५ व २०१० मध्ये त्यात मोठ्या सुधारणा झाल्या. पहाऱ्यातील खलाशाचे प्रमाणपत्र मिळण्यास किमान सहा महिने समुद्रावर चाकरी, किंवा विशेष प्रशिक्षण घेतले असल्यास किमान दोन महिने, अशी अट त्यात आहे. चोवीस तासांत दहा आणि आठवड्यात सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळालीच पाहिजे, असेही बंधन आहे. जहाजावरील माणसे कमी करीत जावयाचे आणि विश्रांतीचे तक्ते मात्र कागदोपत्री बिनचूक ठेवावयाचे, हा जो प्रकार काही मालक करतात, तो मला अक्षम्य वाटतो; झोपेने डोळे मिटलेल्या टेहळ्याचा दोष त्या टेहळ्याच्या माथी मारणे हा अन्याय आहे.

आता ही विद्या पठारावर चढून आली आहे. सागरी अभियांत्रिकीच्या संस्थांच्या आवारात जमिनीवरच जहाजाचा यंत्रकक्ष उभारलेला असतो. तळेगावजवळ इंदुरीस १९९८ पासून, आणि सोलापूर-पुणे रस्त्यावर लोणी काळभोर येथे २००१ पासून अशा संस्था चालू आहेत. धाराशिवहून पुण्यास जाणारी एसटी लोणी काळभोरच्या अंगावरूनच जाते. दहावी झालेल्या मुलास सहा महिन्यांचा खलाशी-अभ्यासक्रम खुला आहे. आग विझविणे, समुद्रात तग धरणे, प्रथमोपचार यांचे शिक्षण सक्तीचे आहे.

आणि येथेच जुन्या दस्तुरीने नवे रूप घेतले आहे. दुष्काळी भागातील मुलांना गाठून, जहाजावर नोकरी लावून देतो असे सांगून, लाखो रुपये उकळणारे दलाल आज मोकाट आहेत. शेत गहाण टाकून पैसे भरलेल्या मुलाच्या हाती पडते ते बनावट प्रमाणपत्र, किंवा परदेशातील एखाद्या मोडक्या, बेवारशी जहाजावरची कैद. वस्तुतः २०१६ च्या नियमांप्रमाणे भरती करणाऱ्या संस्थेस नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि नोकरी लावण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेण्यास मनाई आहे. मान्यताप्राप्त प्रशिक्षणसंस्थांची व परवानाधारक भरतीसंस्थांची यादी उपलब्ध असते. दहावीचा निकाल लागण्याच्या सुमारास ती यादी मराठीत उतरवून कळंब, भूम, वाशी, परांडा, लोहारा, उमरगा, तुळजापूर व धाराशिव या आठही तालुक्यांच्या तहसील कचेऱ्यांत आणि प्रत्येक माध्यमिक शाळेच्या फलकावर लावावी, अशी माझी जिल्हा प्रशासनास आग्रहाची विनंती आहे. त्यास खर्च कागदाचा आणि चार खिळ्यांचा आहे.